कसर किती, आत्या?

आत्या,

तुझ्या तेराव्याला आचारी लावला होता. पन्नास पानं होतील म्हणून सांगितलं आणि त्यानं ऐंशी पानांचं साहित्य आणलं. उरलेली बुंदी तुझ्या शेजारच्या शोभाकाकूंनी गल्लीत वाटली. तू असतीस तर त्याला दारातच उभं करून साखर किती, तेल किती, बेसन किती असं तोंडी विचारलं असतंस आणि त्याची यादी त्याच्याच हातानं दुरुस्त करून घेतली असतीस. बाबांनी यादी न बघता पैसे दिले. आपल्या घरात कुणी न बघता पैसे दिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

ते तेरा दिवस बाबा येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते. "कुणालाच काही बोलली न्हाई ती. अंगावर काढलं सगळं." लोक मान हलवायचे. स्वभावच तसा बाईंचा, म्हणायचे. मी आतल्या खोलीत चहा गाळत असायचे. ते वाक्य आलं की मी कप मोजायला लागायचे. कप सातच होते, ते मला माहीत होतं. तरी मोजायचे.

कारण ते वाक्य खरं नव्हतं. तू बोलली होतीस. मला बोलली होतीस, आणि मी तुला म्हटलं होतं, वाढू दे.

हे बाबांना सांगायचं की नाही, तेरा दिवसांत मला ठरवता आलं नाही. बाबा स्वतःच्या बहिणीवर थोडे रागावलेले होते, आणि त्या रागाच्या आधारानं ते उभे आहेत असं मला दिसत होतं. तो राग मी काढून घेतला तर त्यांच्याकडे काय उरणार? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की मग तो माझ्याकडे वळेल.

तुला हे सगळं सुरुवातीपासून माहीत आहे, तरी मी सुरुवातीपासूनच सांगते. मला दुसऱ्या कुठल्या रीतीनं त्या फोनपर्यंत पोचता येत नाही.

पुण्यातला माझा पहिला पगार एकोणीस तारखेला संपला. मी काही मोठं घेतलं नव्हतं. एक बॅग, दोन कुर्ते, ऑफिसातल्या मुलींबरोबर चार वेळा बाहेर जेवण, आणि बाकी कुठं गेलं ते मला आठवत नव्हतं. बाबांना सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्या नोकरीचं पत्र परभणीत त्यांच्या बँकेतल्या सगळ्या टेबलांवर फिरवलं होतं. म्हणून मी जिंतूरला तुला फोन लावला, आणि तू उचलल्यावर मला काही बोलताच येईना. तू दोनदा 'हॅलो' म्हणालीस. मग विचारलंस, "किती राहिलेत?"

मी म्हटलं, दोनशे दहा.

"तारीख काय आज?"

"एकोणीस."

"मग अकराच दिवस की. खोलीत काय काय हाय ते सांग."

दीड किलो तांदूळ होता, अर्धं पाकीट मुगाची डाळ, थोडं तेल, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. तू पैसे पाठवले नाहीस. त्याचा मला तेव्हा राग आला होता. तू रोज सकाळी सातला फोन करायचीस आणि त्या दिवशी काय आणायचं ते सांगायचीस. आज कोथिंबीर दहाची. आज काहीच नाही, कालचं वरण आहे. आज दोन केळी घे, लेकरा, आज तुझी मीटिंग आहे. ऑफिसला चालत जा, बसचे पैसे वाचवून संध्याकाळी चहा पी, पण उभ्यानं पिऊ नकोस, बसून पी. एक तारखेला पगार जमा झाला तेव्हा माझ्याजवळ बावीस रुपये होते.

"कसर किती निघाली?" तू विचारलंस.

मला तो शब्द कळला नाही. काटकसर माहीत होतं, नुसतं कसर ऐकलं नव्हतं.

"उरले किती म्हणून विचारायलेय, मड्डम."

बावीस, मी म्हटलं. तू फोनवर इतकी हसलीस की मलाही हसू आलं. त्या दिवसापासून कसर म्हणजे उरलेले पैसे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तूच बसवलंस.

दिवाळीला तू मला जिंतूरला बोलावून घेतलंस, आणि तुझ्या सासूबाईंची पानाची चंची माझ्यासमोर सतरंजीवर उलगडलीस. लाल खणाची, पाच कप्प्यांची. कितीदा धुतली तरी तिला काताचा वास होता. पाचही कप्प्यांची नावं तू तीच ठेवली होतीस, फक्त आत पान-सुपारीऐवजी महिन्याचे पैसे. पानाचा कप्पा सगळ्यात मोठा, त्यात किराणा, दूध, भाजी. सुपारीत लाइटबिल, गॅस, घरपट्टी, म्हणजे जे कुरकुरलं तरी फोडावंच लागतं ते. कातात आला-गेला आणि आहेर, कारण त्याचा रंग मागं राहतो. चुन्याचा कप्पा दोन बोटं जाईल एवढाच, त्यात दवाखाना. तंबाखूचा कप्पा तू सुईदोऱ्यानं शिवून टाकला होतास.

तुझी मिळकत ती केवढी. काकांच्या मागं राहिलेल्या ठेवीचं व्याज, आणि दाराशी टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून द्यायचीस त्याचे पैसे. शाळेनं तुला पंचवीस वर्षं कारकुनी करवून एक शाल दिली होती. तरी त्या चंचीतून तू कधी कुणाकडं हात पसरला नाहीस.

मी माझी यादी काढून दाखवली. भाडं, जेवण, प्रवास, फोन, इतर. तू चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचलीस आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंस.

"हा इतर कोण हाय?"

"इतर म्हणजे... बाकीचं."

"सगळ्यात जास्त तोच खायलाय की. आधी त्याला घराबाहेर काढ."

आपण दोन दिवस त्या इतराची नावं शोधत बसलो. माझ्याकडून एकेक कबुली निघत होती. कॅबचे, केसांचे, जे मला आवडतही नव्हते असे कॉफीचे, मैत्रिणींसमोर नाही म्हणता आलं नाही म्हणून दिलेले. तू रागावली नाहीस. फक्त म्हणालीस की शेवटचा खर्च सगळ्यात महाग आहे. "लाजेचा खर्च हाय हा. त्याला वेगळा कप्पा कर. दर महिन्याला त्यात शंभर कमी टाक."

मी फोनमध्ये शीट बनवली आणि तिच्यातही तीच नावं ठेवली. पान, सुपारी, कात, चुना. लाजेचा खर्च मी तंबाखू नावाच्या रकान्यात टाकला, कारण तो सोडायचा होता. एकदा शेजारी बसणाऱ्या मुलीनं माझ्या स्क्रीनवर 'तंबाखू ८००' वाचलं आणि हळूच विचारलं, तू खातेस? सगळी चंची समजावून सांगण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून मी हो म्हटलं. हे तुला सांगितल्यावर तू आठ दिवस प्रत्येकाला ते सांगत होतीस. शोभाकाकूंनी मला तपकिरीची डबी देऊ केली होती.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारचा फोन सुरू झाला. चार वर्षांत तो एकदाच चुकला, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. मी माझे आकडे सांगायचे, तू तुझे, आणि दोन्ही मी एकाच शीटमध्ये भरायचे. तुझे आकडे माझ्या कानाला अवघड होते. एकोणऐंशी म्हणालीस की मी एकोणनव्वद लिहायचे. मग बेरीज जुळायची नाही आणि आपण दोघी दहा रुपये शोधत बसायचो. तू पुन्हा पहिल्यापासून वाचायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "दहा रुपये तुझ्या इंग्रजी शाळेनं खाल्ले." मी तुला म्हणायचे, सेवंटी नाइन म्हण ना. तू म्हणायचीस, "तू माझी भाची हाईस का कस्टमर केअर?"

फोनच्या सुरुवातीला मी कधी 'कशी आहेस' असं विचारलं नाही. मला ते कुणालाच विचारता येत नाही. समोरचा खरं सांगेल अशी भीती वाटते, आणि खरं सांगितलं तर पुढं काय बोलायचं ते मला माहीत नसतं. मी विचारायचे, "कसर किती, आत्या?" त्यातच माझं सगळं आलं असं मी धरून चालले होते. तुलाही ते कळत असणार असं मला वाटायचं. अजून वाटतं. म्हणून तर आता एवढं जड जातं.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते अर्धं राहिलं. मी म्हणायचे, तुझ्या बजेटमध्ये तू कुठं आहेस? पाच कप्प्यांतला एकही तुझ्यासाठी नाही. तू म्हणायचीस, "पान मीच खाते की." मी म्हणायचे, ते नाही, मनाचं काहीतरी. तू म्हणायचीस, मनाचं मनात असतं, त्याला कप्पा कशाला. दोन वर्षं हे असंच चाललं. मागच्या मे महिन्यात मी आले तेव्हा तू ओलं पातळ खिडकीला लावून जमिनीवर पडली होतीस. त्या उकाड्यात तुझा टेबलफॅन नुसती मान हलवत होता. मी तुझ्याच डब्यातली सुई घेतली आणि तंबाखूच्या कप्प्याचे टाके उसवले. तू अडवलं नाहीस, नुसती बघत होतीस. मी म्हटलं, यात आता कूलर. मी पैसे भरते.

"नको. दुसऱ्याच्या पैशाचा वारा अंगाला लागत न्हाई."

मग ठरलं की तुझ्याच पैशातून. दर महिन्याला चारही कप्प्यांत जी कसर निघेल ती तंबाखूत टाकायची, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी कूलर. मी शीटमध्ये तुझ्यासाठी नवीन रकाना केला, निळा. तो भरत गेला की माझा तो महिना चांगला जायचा.

आणि मी कडक झाले. हे मला लिहायचं नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला तू त्या कप्प्यातून सहाशे रुपये काढून शाळेतल्या एका म्हाताऱ्या शिपायाला चष्म्यासाठी दिलेस आणि रविवारी मला तसं मोकळेपणानं सांगितलंस. मी म्हटलं, आत्या, बजेट म्हणजे बजेट. आपणच मोडलं तर करायचं कशाला? तूच शिकवलंस ना, एका कप्प्याचं दुसऱ्याला नाही? मी आवाज चढवला नव्हता. मी कधीच चढवत नाही. ज्या आवाजात ऑफिसात लोकांना नियम सांगते, त्या आवाजात सांगितलं. तू म्हणालीस, "चुकलं बाई." पुढच्या महिन्यात निळ्या रकान्यात सहाशे जास्तीचे आले. मी तुला शाबासकी दिली. ते कुठून आले ते मी विचारलं नाही. तू अर्ध्या लिटरचं दूध पावशेरावर आणलं होतंस, हे मला आता शोभाकाकूंकडून कळलं.

फेब्रुवारीतला पहिला रविवार. मी कपडे वाळत घालून, चहा करून, शीट उघडून बसले. तुझा आवाज जरा बसका होता. तो मी ऐकला. हे मी स्वतःपासून लपवत नाही, ऐकला होता. परीक्षांच्या अर्जांचे दिवस, दिवसभर लोकांशी बोलून बसला असेल असं वाटलं. मी विचारलं, "कसर किती, आत्या?"

"हाय गं. या खेपेला लय हाय. पंधरा दिवस झाले, हायच."

अर्जांचे पैसे आले, मला वाटलं. मला आनंद झाला. मी म्हटलं, "अरे वा. मग वाढू दे की."



"वाढू देऊ म्हणतीस?"

"हो. मार्चमध्येच कूलर येईल."

मग तू हसलीस. हसताना खोकलीस. म्हणालीस, "बरं, मड्डमचा हुकूम," आणि मी काय स्वयंपाक केला ते विचारलंस. आकडा तू सांगितला नाहीस. निळ्या रकान्यात मी त्या महिन्यासमोर लिहिलं, नंतर विचारणे. फोन सहा मिनिटांचा होता. एरवी आपला फोन चाळीस मिनिटं चालायचा.

अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीत पोचले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती आणि तुझे हात पलंगाच्या कठड्याला पट्टीनं हलके बांधलेले होते. तू नळी ओढत होतीस म्हणून. मला बघून तू डोळे उघडलेस की ते आपोआप उघडले, मला माहीत नाही. मी तुझ्या पायाशी उभी राहिले. जवळ यायला हवं होतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खूप केलं. संसर्ग रक्तात पसरलाय, म्हणाले. आठ दिवस आधी आणलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बाहेर बाकावर शोभाकाकू बसल्या होत्या. जिंतूरहून तुला गाडीत घालून त्यांनीच आणलं होतं. त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मी रोज म्हणायले, चला दवाखान्यात. तर म्हणायच्या, उगं कसर हाय अंगात, निघून जाईल."

मी विचारलं, कसर अंगात कशी असते?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आपल्याकडं इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांकडं लोक जसं बघतात, तसं. त्यात तुच्छता नव्हती, थोडी कीव होती. "बारीक ताप, बाई. वरून हात लावला तर कळत न्हाई, पण आत असतोच. त्याला कसर म्हणतेत."

मराठी मला दहावीपर्यंत होतं, आत्या. ब्याण्णव मार्क पडले होते. तू पेढे वाटले होतेस.

दोन दिवसांनी तू गेलीस.

दहाव्यानंतर बाबांनी चंची माझ्याकडं दिली. काय आहे ते तूच बघ, म्हणाले. चुन्याच्या कप्प्यात आठशे रुपये होते, घडीसुद्धा न मोडलेले. तंबाखूच्या कप्प्यात पाच हजार तीनशे पन्नास. म्हणजे पैसे नव्हते म्हणून तू दवाखान्यात गेली नाहीस, असं म्हणायची सोयही तू ठेवली नाहीस. महिना संपताना चुन्यात जे राहतं ते कसर म्हणून कूलरच्या कप्प्यात जातं. तो नियम आपणच केला होता. नियम तुझा आणि कडकपणा माझा.

मी किती वेळा तो फोन आठवला असेल. 'वाढू देऊ म्हणतीस?' हे तू मला चिडवून विचारलंस का? मला शब्द कळला नाही हे तुझ्या लक्षात आलं आणि गंमत वाटून तू ते तसंच सोडून दिलंस? तसं असेल तर तू मला बोलायला हवं होतंस. दहा रुपयांसाठी तू मला वीस मिनिटं धरून ठेवायचीस. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद चुकलं तर पहिल्यापासून वाचायचीस. मग हीच एक चूक दुरुस्त करायचा तुला कंटाळा का आला? की तू खरंच विचारत होतीस, आणि मी हो म्हटलं म्हणून तू थांबलीस? मला तुझा राग येतो. मग लगेच आठवतं की तू मला दोनशे दहा रुपयांत अकरा दिवस जगवलं होतंस, पुण्यात एकदाही पाऊल न ठेवता. त्यानंतर महिन्यातल्या कुठल्याच तारखेची मला भीती वाटली नाही. लाजेचा खर्च शंभर-शंभरानं कमी होत शून्यावर आला, आणि त्याबरोबर लाजही थोडी गेली. आता मी मुलींना नाही म्हणू शकते. हे तुला मी सांगितलं होतं, पण आकड्यात. शून्य, असं. तू म्हणाली होतीस, शून्य लय भारी हाय. तेवढंच आपलं बोलणं झालं त्यावर.

चंचीतल्या पैशांचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. त्याला कप्पा नाही. बाबा म्हणाले, ठेव तुझ्याजवळ. मी ते त्याच कप्प्यांत तसेच ठेवले आहेत.

परवा, सतराव्या दिवशी, बाबा आणि मी जिंतूरच्या तुझ्या खोल्या आवरायला गेलो. सकाळची वेळ होती. बाबा तुझ्या टेबलाच्या खणातले कोरे अर्ज काढून त्यांचे गठ्ठे लावत होते. कुणाचे शिष्यवृत्तीचे, कुणाचे उत्पन्नाच्या दाखल्याचे, काही अर्धे भरलेले. ते एकेक नाव वाचून म्हणत होते, याचं आता कोण भरणार. मी भांडी पोत्यात भरत होते. मग मी ते थांबवलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. रविवारचा फोन, तो शब्द, मला काय वाटलं ते, मी काय म्हटलं ते. वाढू दे, हे मी फार हळू म्हटलं, म्हणून ते मला दोनदा म्हणावं लागलं.

बाबांनी हातातला गठ्ठा नीट ठोकून सारखा केला. बराच वेळ ते तेच करत होते.

"मला बी म्हणाली होती," ते म्हणाले.

मी विचारलं, कधी?

"शुक्रवारी. तुझ्या आधी दोन दिवस. बँकेत गर्दी होती. म्हणाली, अंगात कसर हाय रे पंधरा दिवसांपासून. मी म्हणलं, गोळी घे एखादी, संध्याकाळी बोलतो." त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "संध्याकाळी राहून गेलं. मला अर्थ माहीत होता, बेटा."

सतरा दिवस मी मनात एकच धरून बसले होते, की मला तो शब्द आला असता तर तू वाचली असतीस. बाबांच्या तोंडाकडं बघताना मला कळलं, की शब्द आला असता तर मीही बहुतेक गोळी घे म्हटलं असतं. आणि आनंदानं पुढचा आकडा विचारला असता. मला त्यांना सांगायचं होतं की तुमची चूक नाही. ते मला तसं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता, म्हणून मीही म्हटलं नाही. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. ते माझ्याकडं एकेक अर्ज देत गेले आणि मी नावं वाचून गठ्ठे लावत गेले. एका अर्जावर तुझ्या अक्षरात अर्धंच नाव होतं.

तेवढ्यात दारात तुझ्या शाळेतल्या एक बाई आल्या. गावाला गेल्या होत्या, त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. उंबऱ्यातच रडायला लागल्या. मी त्यांना आत आणून बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यांनी तेच विचारलं जे सगळे विचारत होते. एवढं झालं आणि बाईंनी कुणाला सांगितलं कसं नाही?

बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आमाला सांगितलं होतं तिनं," बाबा म्हणाले. "आमी ऐकलं न्हाई."